जन्नतवाले डॉक्टर

"आप के हर एक बच्चे के पेट में जंत है!"

लखनौच्या चौक भागातल्या एका चिंचोळ्या गल्लीत, चिकन भरतकामाच्या कारखान्याच्या दालनात, डॉ. वडगावकरांनी हे वाक्य टाळी पडावी अशा आवाजात म्हटलं आणि खरोखरच टाळी पडली. जंत हा शब्द तिथे बापजन्मात कोणी ऐकलेला नव्हता. समोरच्यांना ऐकू आलं 'जन्नत'. मागच्या रांगेतले एक पांढऱ्या दाढीचे आजोबा मान डोलवत म्हणाले, "वाह! क्या बात कही है डॉक्टर साहब ने." बायांनी मांडीवरच्या पोरांच्या पोटावरून कौतुकाने हात फिरवला.

मुद्दा पोचला असं डॉक्टरांना वाटलं असावं. त्यांनी आवाज आणखी चढवला. "और ये जंत हम को मारना है! दवा दे के मारना है! एक भी जंत बचना नहीं चाहिए!"

दालनात एकदम शांतता. मग कोपऱ्यातून कोणीतरी फसकन हसलं, आणि पुढची पाच मिनिटं व्याख्यान बंद पडलं. त्या दिवसापासून चौकात त्यांचं नाव पडलं, जन्नतवाले डॉक्टर.

हे डॉक्टर म्हणजे माणसांचे डॉक्टर नव्हेत. एका मोठ्या संशोधन संस्थेत ते परजीवी जंतूंवर काम करत. पोटातले कृमी, हत्तीरोगाचे जंतू, असली मंडळी. ओळख करून देतानाच ते स्पष्ट सांगत, "मी माणसांचा डॉक्टर नाही, जंतांचा डॉक्टर आहे. माझे पेशंट बरे झाले तर मला वाईट वाटतं."

माझी बँकेतली बदली लखनौला झाली तेव्हा नवरा नाशिकला त्याच्या नोकरीत राहिला, आणि मी मुलीला घेऊन गोमती नगरमधल्या एका फ्लॅटमध्ये राहायला आले. सामान अजून खोक्यांत होतं. बेल वाजली. दारात एक किडकिडीत, उंच, टक्कल पडलेले गृहस्थ हातात लोणच्याची बरणी घेऊन उभे.

"पाटीवर मराठी आडनाव दिसलं. मी वरच्या मजल्यावर राहतो. वडगावकर. मूळचा सांगलीकडचा."

परमुलखात लोणचं घेऊन येणारा मराठी माणूस भेटला, मला भरून आलं. मी हात पुढे केला. त्यांनी बरणी मागे घेतली.

"हे खायचं नाही, ताई. हा नमुना आहे."

बरणीत पाण्यासारख्या कशात तरी फिक्या गुलाबी रंगाची लांबच लांब शेवई वेटोळं घालून पडली होती. माझी इरा तेव्हा नऊ वर्षांची. ती कुतूहलाने जवळ गेली, आणि डॉक्टर आनंदाने तिच्यापुढे वाकून म्हणाले, "हा आतड्यात राहतो. नखं दाखव बघू तुझी!"

त्या दिवसापासून इरा त्यांना जिन्यात पाहिलं की दोन्ही हात पाठीमागे लपवायची. नखं ही त्यांची पहिली भेट असे. लोक नमस्कारासाठी हात जोडायचे, आणि हे त्या जोडलेल्या हातांची नखं तपासायचे. सोसायटीच्या दूधवाल्यापासून आमच्या बँकेच्या मॅनेजरपर्यंत त्यांनी कोणाला सोडलं नाही. मॅनेजरची नखं नापास झाली होती.

एकटे होते. लग्न केलेलं नव्हतं. घरात पुस्तकं, एक सूक्ष्मदर्शक आणि परिषदांमध्ये मिळालेल्या पिशव्या. वैज्ञानिक परिषदेला गेलं की प्रत्येकाला एक पिशवी मिळते, तिच्यावर परिषदेचं नाव छापलेलं असतं. वडगावकरांकडे अशा पिशव्यांचा डोंगर होता, आणि तो ते शेजाऱ्यांत वाटत. त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या बायका ज्या पिशव्यांतून पालक-मेथी आणत, त्यांच्यावर आतड्यातल्या कृमींची आणि डासांची सुबक चित्रं असायची. भाजीवाल्या भैयाने एकदा मला हळूच विचारलं, "मैडम, आप की सोसाइटी में सब को एक ही बीमारी है क्या?"

मी एकदा त्यांच्याबरोबर अशाच एका परिषदेला गेले. रविवार होता, आणि जेवण चांगलं असतं असं त्यांनी सांगितलं होतं. जेवण चांगलं होतंही, पण ते कोणाला सुखाने मिळालं नाही. कारण वडगावकर ताट घेऊन थेट सॅलडच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले आणि कोबीकडे हात करणाऱ्या प्रत्येक प्रतिनिधीला, कोबीच्या पानांच्या घडीत कोण कोण राहतं ते समजावू लागले. परदेशातून आलेले एक वयस्क प्राध्यापक काकडीचा तुकडा काट्याला टोचलेला तसाच धरून बराच वेळ ऐकत राहिले, आणि मग त्यांनी तो तुकडा काट्यासकट ठेवून दिला.

दुपारच्या सत्रात डॉक्टरांचा निबंध होता. त्यांचं इंग्रजी निर्दोष. एक शब्द चुकला नाही, एक आकडा अडखळला नाही. आणि ऐकत कोणीही नव्हतं. जेवणानंतरची वेळ, थंडगार सभागृह, पडद्यावर तक्त्यामागून तक्ते. माझ्या उजवीकडचे गृहस्थ घोरत होते, डावीकडचे फोनवर परतीच्या विमानाची वेळ बघत होते. निबंध संपला. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि वेळेअभावी प्रश्नोत्तरं चहाच्या वेळी करू असं सांगितलं. चहाच्या वेळी वडगावकर कपबशी घेऊन एका खांबाजवळ उभे होते. त्यांच्याकडे कोणी आलं नाही. मी गेले, पण मला प्रश्न सुचेना. मी म्हटलं, "छान झालं."

"मुद्दा समजला का?"

"हो," मी म्हटलं.

"मग तुम्ही एकट्याच," ते म्हणाले, आणि मोठ्याने हसले.

पण हेच वडगावकर रविवारी सकाळी वस्तीतल्या लोकांना व्याख्यान द्यायला निघाले की वेगळेच. त्यांना गाडी चालवता येत नसे. माझ्याकडे जुनी मारुती होती आणि रविवार मोकळा होता. हळूहळू मी त्यांची सारथी झाले. कधी चौकात, कधी आलमबागच्या एखाद्या बारातघरात, म्हणजे लग्नाच्या हॉलात, कधी आमच्याच पार्कात. मागच्या सीटवर प्रोजेक्टर, पायाशी लोणच्याची बरणी. खड्डा आला की डॉक्टर म्हणत, "हळू, ताई. आत मंडळी आहेत."

आणि मग ती हिंदी. लखनौ म्हणजे रिक्षावालासुद्धा 'आप' म्हणतो आणि शिवी द्यायची तर ती इस्त्री करून देतो असं गाव. तिथे आमचे डॉक्टर उभे राहून सांगलीची हिंदी बोलायचे.

"सब लोग पहले खाली बैठो!"

"हम तो खाली ही बैठे हैं डॉक्टर साहब, आज इतवार है," पुढून कोणीतरी म्हणायचं. खाली म्हणजे तिकडे रिकामटेकडं.

"पानी हमेशा उकळ के पीना!" हे लोकांना ऐकू यायचं 'उगल के', म्हणजे पाणी तोंडात घ्यायचं, बाहेर टाकायचं, आणि मग प्यायचं.

"सब ने अपनी-अपनी काळजी लेना!" यावर एकदा चौकात एका कबाबवाल्याने गंभीरपणे उत्तर दिलं होतं, "कलेजी तो शाम को मिलेगी, डॉक्टर साहब. अभी तो भट्ठी भी नहीं सुलगी."

"खाने पे माशी बैठने मत दो! माशी घर में आई तो उस को हकाल दो! सब रोग माशी लाती है!" आता माशीला तिकडे म्हणतात मक्खी, आणि मासी किंवा मौसी म्हणजे आईची बहीण. एक जाडजूड आजी उठून उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ए भैया, मौसी बेचारी का क्या कसूर? साल में एक बार तो आती है!"

या सगळ्या व्याख्यानांची व्यवस्था चौकात एक निवृत्त शिक्षक बघत. त्यांना सगळे मास्टरसाहब म्हणत. अतिशय अदबशीर गृहस्थ, काळी टोपी, हातात पानाचा डबा. एकदा डॉक्टर आयांना सांगत होते की मूल माती खात असेल तर त्याला रागावू नका, औषध द्या. त्यांनी सांगितलं असं, "बच्चों को शिक्षा मत दो! बिलकुल शिक्षा मत दो! शिक्षा देने से बच्चे बिगड़ते हैं!" शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण. मास्टरसाहबांनी पानाचा डबा मिटला. "हुज़ूर," ते म्हणाले, "हम ने तो सारी उम्र यही गुनाह किया है."

मी प्रत्येक वेळी शरमेने अर्धी व्हायचे. परक्या गावात आपला माणूस हसं करून घेतोय हे बघवत नाही. शेवटी एकदा परत येताना गाडीत मी धीर केला.

"डॉक्टर, रागवू नका. पण 'उकळून'ला इथे 'उबाल कर' म्हणतात. तुम्ही म्हणता ते लोकांना 'उगल कर' असं ऐकू येतं."

"म्हणजे?"

मी अर्थ सांगितला.

"अरे बापरे!" त्यांनी कपाळावर हात मारला. "बरं झालं सांगितलंत, ताई. उबाल कर. उबाल कर." हजरतगंज येईपर्यंत ते पुटपुटत होते. मी माशीचंही सांगितलं, जंतांचंही सांगितलं. ते सगळं त्यांनी शाळकरी पोरासारखं घोकलं. मला फार समाधान वाटलं.

पुढच्या रविवारी आलमबागला त्यांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला, आणि म्हणाले, "पानी हमेशा उकळ के पीना!"

मी मान खाली घातली. इतका हुशार माणूस, लॅटिन नावं तोंडपाठ, आणि चार हिंदी शब्द डोक्यात राहू नयेत? इराला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, रहने दो ना. अंकल क्यूट हैं." इरा मराठी सगळं समजायची, पण उत्तर हिंदीत द्यायची.

वर्षं गेली. इरा कॉलेजात गेली, आलमबागला मेट्रोचं खोदकाम सुरू झालं, सगळ्यांच्या हातात व्हिडिओ काढणारे फोन आले. आणि एके संध्याकाळी इरा फोन नाचवत स्वयंपाकघरात आली. "मम्मी, वडगांवकर अंकल तो फेमस हो गए!"

फोनवर आमचे डॉक्टर होते. 'एक भी जंत बचना नहीं चाहिए!' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. कोणीतरी पाठीमागे ढोलकी वाजवून त्याचं गाणंच केलं होतं. इराच्या कॉलेजात आलं होतं, आमच्या बँकेच्या ग्रुपवर आलं होतं, भाजीवाल्याकडेही आलं होतं.

आणि अर्थातच संस्थेतही पोचलं. तिथे तेव्हा एका मोठ्या परिषदेची तयारी चालली होती, आणि परिषदेच्या आदल्या दिवशी शहरातल्या सामान्य नागरिकांसाठी एक जाहीर व्याख्यान ठेवलं होतं. ते वडगावकर देणार हे ठरलेलं होतं. एवढी वर्षं गल्लोगल्ली हिंडणारा संस्थेत दुसरा होताच कोण? डॉक्टरांनी त्यासाठी नवा कोटही शिवला होता. मला दोनदा घालून दाखवला होता.

संस्थेचे एक कचेरीतले अधिकारी आमच्या शाखेत येत असत. ते काउंटरवर वाकून म्हणाले, "मैडम, आप के डॉक्टर साहब का लेक्चर कट गया. डायरेक्टर साहब ने क्लिप देख ली. कह रहे थे, इंस्टिट्यूट की गरिमा का सवाल है. अब शुद्ध हिंदी में कोई और बोलेगा." मग जरा थांबून म्हणाले, "उन को शायद अभी पता नहीं है. आप ही बता दीजिए. आप की बात का बुरा नहीं मानेंगे."

मला रात्री जेवण गेलं नाही. कसं सांगायचं? की डॉक्टर, लोक तुमच्याकडे ज्ञान घ्यायला येत नव्हते, करमणुकीला येत होते? साठीला आलेल्या एकट्या माणसाला हे असं सांगतात का? शेवटी ठरवलं, रविवारी चौकातलं व्याख्यान होऊ द्यावं आणि परत येताना गाडीत बोलावं.

त्या रविवारी दालन खचाखच भरलं होतं. क्लिपचा प्रताप. पोरं फोन उंच धरून उभी होती. डॉक्टर नेहमीसारखे, किंवा नेहमीपेक्षा जास्तच, रंगात आले. खाली बसवलं, उकळायला लावलं, माशीला घराबाहेर काढलं. हत्तीरोग आला तेव्हा "हत्ती का रोग" म्हणून झालं, आणि "हमारे यहाँ तो कोई हाथी पालता ही नहीं" हे उत्तरही येऊन गेलं. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र एकीकडे मनात वाक्यं जुळवत होते.

व्याख्यान संपलं. लोक बरणी बघून, नखं दाखवून, गोळ्या कधी मिळणार ते विचारून पांगले. दालनाच्या कोपऱ्यात, खांबाला टेकून, एक बाई तेवढ्या बसून राहिल्या. साठीच्या असाव्यात. अंगभर चादर, हातात अर्धवट काढलेलं चिकनचं कापड. पूर्ण वेळ त्या एकदाही हसल्या नव्हत्या.

"ये ख़ाला हमारे मोहल्ले की हैं," मास्टरसाहब मला हळू आवाजात म्हणाले. ख़ाला म्हणजे मावशी. "हमेशा सब के जाने के बाद उठती हैं."

डॉक्टरांनी ते ऐकलं. त्यांनी प्रोजेक्टरची वायर गुंडाळता गुंडाळता खाली ठेवली. मास्टरसाहबांना चहा सांगायला पाठवलं, आणि त्या बाईंपासून थोडं अंतर ठेवून, खाली फरशीवर मांडी घालून बसले. मी खांबाच्या अलीकडे बरणी पुसत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"आदाब, आपा," ते म्हणाले. "आप इत्मीनान से बैठिए. हमें कोई जल्दी नहीं है. तकलीफ़ किस पाँव में है?"

मी बरणी पुसायची थांबले. आवाज वडगावकरांचाच होता. पण ही भाषा कोणाची?

बाईंनी चादर आणखी ओढून घेतली. "आप से किस ने कहा?"

"किसी ने नहीं कहा. आप ने पाँव जिस तरह समेट रखा है, बस उसी से अंदाज़ा हुआ."

त्यांनी हातातलं कापड मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "बरसों हो गए, भाई. अब क्या दिखाना. लोग कहते हैं, किसी की बददुआ लगी है."

"बददुआ नहीं है, आपा. मच्छर है. मुआ एक मच्छर. और इस में आप का कोई क़ुसूर नहीं है."

'मुआ' हा शब्द लखनौच्या जुन्या घरांतल्या बायका वापरतात, मेल्या म्हणावं तसा. तो ऐकून त्या बाईंच्या चेहऱ्यावर अगदी थोडंसं हसू आलं. त्यांनी चादर बाजूला केली. डावा पाय गुडघ्याखाली खांबासारखा सुजलेला होता, कातडी जाड, काळपट, बोटांच्या बेचक्यांत चिघळलेली. मी नजर वळवली. डॉक्टरांनी वळवली नाही.

"मैं इलाज करने वाला डॉक्टर नहीं हूँ," ते म्हणाले. "वह अस्पताल में मिलेंगे, मैं ख़ुद आप के साथ चलूँगा. लेकिन इस की देखभाल का सलीक़ा मुझे आता है. इजाज़त हो तो दिखा दूँ?"

त्यांनी माझ्याकडे न बघता मराठीत सांगितलं, "ताई, एक बादली साधं पाणी, साबण आणि स्वच्छ कपडा."

मी कारखान्याच्या मोरीवरून पाणी आणलं. गाडीतला टॉवेल आणला. बाई घाबरून पाय मागे घेऊ लागल्या. "हाथ मत लगाइए, भाई. मुझे गुनाह होगा."

"छोटा भाई बहन के पाँव को हाथ लगाए, तो किसी को गुनाह नहीं होता."

आणि त्यांनी तो पाय धुतला. घाई नाही, घासणं नाही. साबणाचा फेस हातावर करून बोटांच्या मध्ये, टाचेवर, घडीघडीत. बोलत होते तेवढ्याच हळू: असं धुवायचं, रोज, बोटांमधलं पाणी असं टिपून घ्यायचं, चोळायचं नाही, बसताना पाय पाटावर वर ठेवायचा. एक शब्द चुकला नाही. त्या बाई पायाकडे बघत नव्हत्या, त्यांच्या टकलाकडे बघत होत्या, आणि रडत होत्या. पुष्कळ वेळाने म्हणाल्या, "इस पाँव को तो मेरी बेटी ने भी कभी नहीं छुआ."

आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी लावलेली गाडी काढली, गर्दीतून वाट काढत नदीकडे आलो. पुलावर सगळं अडकलेलं होतं. मी इंजिन बंद केलं. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली होती.

"डॉक्टर, तुम्हाला हिंदी येते."

"तुम्ही ऐकलंत होय?" ते ओशाळले. चोरी पकडली गेल्यासारखे खिडकीबाहेर बघू लागले.

"मग हे सगळं... उकळके, माशी?"

"पहिल्यांदा खरंच चुकायचो हो. नवीन आलो तेव्हा चौकातच राहायचो, वरच्या खोलीत. खाली घरमालकीणबाई. अम्मी म्हणायचो मी त्यांना. मी तोंड उघडलं की त्या हसून लोळायच्या. मग एकेक शब्द दुरुस्त करायच्या. उर्दू त्यांनीच शिकवली मला, जेवायला वाढता वाढता. पाच-सहा वर्षं."

पुढची गाडी हलली, पुन्हा थांबली.

"मी तेव्हा हत्तीरोगावरच काम करत होतो. परिषदांना निबंध वाचत होतो. आणि त्यांना हत्तीरोग होता, ताई. माझ्या खोलीच्या बरोबर खाली. लपवायच्या. मला कळलं तेव्हा जखमा फार चिघळल्या होत्या, त्यातून त्या उठल्या नाहीत. मी विचारलं, अम्मी, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, तुम इतने बड़े डॉक्टर हो, तुम से ऐसी गंदी बात कैसे कहती."

त्यांनी खिडकीची काच खाली केली.

"लोक हसले ना, की मग मी कोणी मोठा राहत नाही. ज्याला धड बोलता येत नाही त्याच्यापुढे कसली लाज? कोणी पोटातलं सांगतं, कोणी पायातलं. आज त्या बाई बोलल्या. शुद्ध बोललो असतो तर टाळ्या वाजवून घरी गेल्या असत्या."

"आणि जे आज बोललात ते?"

"ते अम्मींचं आहे," ते म्हणाले. "ते मी माइकवर वापरत नाही. ते ठेवणीतलं."

वाहतूक सुटली. मागून हॉर्न वाजू लागले. मी गाडी सुरू केली आणि अजून एक गोष्ट सांगायची राहिली आहे हे आठवून म्हटलं, "डॉक्टर, त्या परिषदेच्या व्याख्यानाचं—"

"कट झालं ना? परवा बोलावलं होतं डायरेक्टरसाहेबांनी. अर्धा तास शुद्ध हिंदीचं महत्त्व सांगितलं." त्यांनी पायाशी कललेली बरणी सरळ केली. "कोट शिवायला नको होता. एवढंच वाईट वाटलं. बाकी सभागृहातल्या खुर्च्यांना काय, कोणीही चालतं."

ते व्याख्यान झालं. फार शुद्ध झालं. वडगावकर नवा कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते, आणि त्यांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. कोट त्यांना छान दिसत होता हे मी सांगितलं, तर म्हणाले, "मुद्दा तो नाही."

पुढच्या वेळी चौकात गेलो तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता. पोरं फोन घेऊन तयार होती, मास्टरसाहब दारात येरझाऱ्या घालत होते. डॉक्टरांनी सगळ्यांना खाली बसवलं, हशा सुरू झाला, आणि तो नेहमीसारखा शेवटपर्यंत टिकला. लोक गेले. कोपऱ्यात खांबाजवळ त्या ख़ाला होत्या. धुतलेला पाय एका उलट्या टोपलीवर ठेवून बसल्या होत्या, आणि चादर त्यांनी आज पायावर ओढली नव्हती. त्यांच्या मागे, भिंतीला चिकटून, आणखी तिघी. एक तर अगदी तरुण होती. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, डॉक्टरांकडे बघत नव्हत्या, नुसत्या फरशीकडे बघत होत्या.

"मैं ने इन से कहा, डरो मत," ख़ाला म्हणाल्या. "अपने ही भाई हैं."

वडगावकरांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"तशरीफ़ लाइए," ते अगदी हळू म्हणाले.

मी बादली भरायला आत गेले.